तिला समजेल अशा भाषेत

दरवर्षी आषाढाच्या सुमारास संपादकांचे पत्र येते : ‘यंदा कोणत्या पुस्तकावर लिहिता?’ मीही दरवर्षी एखादी कादंबरी किंवा एखादे नाटक हाती घेतो आणि त्याचे गुणदोष यथामती सांगतो. यंदा मात्र मी त्यांना कळवले की, या वर्षी मी सर्वांत लक्षपूर्वक जे वाचले ते पुस्तक नव्हते. तो एक कागद होता. मजकूर पानभर, भाषा इंग्रजी, लेखकाचे नाव नाही, किंमत दोन-अडीच हजार रुपये. त्यावर टीका लिहिली तर चालेल काय? संपादक उदार मनाचे. त्यांनी होकार दिला. वाचकांनीही तसेच औदार्य दाखवावे, ही विनंती. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय थोडा जड वाटेल, हे मला ठाऊक आहे. परंतु हा अंक ज्या घरांतून वाचला जाईल, त्यांपैकी कित्येक घरांतली लेक वा सून आज ना उद्या या कागदासमोर बसणार आहे. मग त्याची ओळख सणाच्या दिवशी, घरची माणसे एकत्र असताना करून घेतलेली काय वाईट?

आम्ही वांगणीला राहतो. कर्जतकडे जाणाऱ्या गाडीने बदलापूर सोडले की पुढचे स्टेशन ते वांगणी. २०२१ च्या एप्रिलात आमच्या स्टेशनावर एका अंध मातेचे मूल रुळांत पडले आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन गाडीच्या तोंडातून ते वाचवले, तेव्हा आमच्या गावाचे नाव देशभर झाले. त्या मातेसारखी पुष्कळ अंध कुटुंबे येथे राहतात. येथील भाडी मुंबईच्या मानाने परवडतात आणि लोकल दाराशी आहे, म्हणून ती इकडे आली. आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले भाऊ त्यांच्यापैकीच. पतिपत्नी दोघेही अंध. भाऊ लोकलमध्ये किल्ल्यांच्या साखळ्या नि पेने विकतात. त्यांची मुलगी डोळस आहे, पाचवीत शिकते, आणि तिचे शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. भाऊंचा उल्लेख मी आत्ताच करून ठेवतो. लेखाच्या शेवटी त्यांच्याशी आपली गाठ पडायची आहे.

तर तो कागद. आमच्या शेजारची सून तो घेऊन एका संध्याकाळी आली. वय तेहतीस, पहिलटकरीण, तिसरा महिना सरत आलेला. मी जन्मभर मराठी शिकवले, पण चाळीत कोणाचेही इंग्रजी पत्र आले की ते वाचायला माझ्याकडेच येते. “काका, एवढं वाचून सांगता का?” ती म्हणाली. तिचा नवरा मागे उभा होता; त्याने मोबाईलवर बरेच काही आधीच वाचले असावे, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

कागदावर तिचे नाव, वय, वजन, गर्भाचे आठवडे, दोन रासायनिक द्रव्यांची नावे आणि त्यांचे आकडे होते. मध्ये एक आलेख, वयाबरोबर वर चढत जाणारा. खाली ‘१ : १९०’ असा आकडा, आणि त्याला लाल चौकट घालून दोन शब्द : ‘हाय रिस्क’. डाऊन सिंड्रोमसाठी.

“म्हणजे बाळाला ते आहेच ना?” तिने विचारले.

मी म्हटले, “अगं, असा आकडा आलेल्या एकशेनव्वद बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला ते असेल. एकशेएकोणनव्वदींच्या नसेल.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मग हे लाल का?”

गेल्या पुष्कळ वर्षांत मी अनेक परीक्षणे वाचली आणि काही लिहिली. पण एखाद्या मजकुराच्या मर्मावर इतके नेमके बोट ठेवणारा प्रश्न माझ्या वाचनात क्वचितच आला आहे. या लेखात मी जे करणार आहे, ते एवढेच की, तिच्या त्या प्रश्नाचा माग काढायचा.

प्रथम कागदाचा हेतू समजून घेऊ. ही तपासणी निदान करीत नाही. ती चाळणी लावते. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास आईच्या रक्तातील दोन द्रव्ये मोजतात, सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागची पातळ जागा मोजतात, त्यांत आईचे वय मिळवतात, आणि त्यावरून शक्यता काढतात. पंचविसाव्या वर्षी ही शक्यता मुळात साडेबाराशेत एक एवढी असते, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. दर अडीचशेत एक हून अधिक निघाली की बहुतेक ठिकाणी लाल चौकट पडते. अशा चाळणीने डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर गर्भांपैकी पंच्याऐंशी ते नव्वद सापडतात, हे खरे. पण तो नसलेल्या शंभरांपैकीही पाचएक अडकतात. आणि मुळात अशी बालके सातआठशे जन्मांत एक. तेव्हा चाळणीवर उरलेल्यांत निर्दोषांचीच गर्दी फार. तांदूळ चाळणारी कोणतीही गृहिणी चाळणीवर राहिले ते सगळे खडे, असे म्हणत नाही. ती ते ताटात घेते, उजेडात धरते आणि निवडते. पुढचे हे निवडण्याचे काम करणारी परीक्षाही आहे : पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून त्यातील पेशींची गुणसूत्रे पाहतात. तीत गर्भ गमावण्याचे भय शंभरात एकाहून कमी आहे, पण आहे. त्या दोहोंच्या मध्ये आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएचे तुकडे तपासण्याची नवी रीत आली आहे. तिची चाळणी पुष्कळ बारीक, तरी ती चाळणीच.

हे सारे त्या कागदावर आहे काय? आहे, अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. वर आहे ते लाल.

आता त्या ‘रिस्क’ शब्दाकडे पाहू. दवाखान्यात त्याचे मराठी ‘धोका’ असे होते. मराठी माणसाला धोका कुठे भेटतो? विजेच्या खांबावर, पुराच्या पुलावर, रुळांच्या कडेला. धोका म्हटले की पाऊल मागे घ्यायचे, हे आपण पाटी वाचण्याआधीच शिकलेले असतो. लॉटरी लागण्याचा धोका आहे, असे कोणी म्हणत नाही. म्हणजे ज्या शब्दाने केवळ शक्यता सांगायची, त्याच शब्दाने निकालही दिलेला आहे. ‘एकशेनव्वदांत एक शक्यता’ असे लिहिले असते तर त्या मुलीने विचार केला असता. ‘धोका’ वाचून तिला घाबरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. साहित्यात आपण अशा शब्दाला भडक म्हणतो आणि लेखकाला दोष देतो. येथे लेखकच नाही. तेव्हा दोष कोणाला द्यावा?

आणि शक्यता कशाची, यावर तर कागद मुळीच बोलत नाही. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, एवढे तिला मोबाईलने सांगितले होते. पण अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि त्यांतल्या पुष्कळांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. ती उशिरा बोलतात, उशिरा चालतात, पण बोलतात आणि चालतात. कोणी शिकून छोटेमोठे काम करते, कोणाला जन्मभर हाताशी माणूस लागते, आणि कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल हे कोणतीच परीक्षा जन्माआधी सांगू शकत नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास ज्यांचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते, ते आता साठीला पोचले आहे — यातले सुखाचेही तिला ठाऊक नव्हते आणि दुःखाचेही नव्हते. तिला फक्त आकडा ठाऊक होता.

नावाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टराने १८६६ साली या मुलांचे वर्णन केले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना एका अख्ख्या मानववंशाचे नाव चिकटवले. ते नाव शंभर वर्षे चालले. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी हरकत घेतल्यावर १९६५ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडून दिले. १९५९ साली फ्रान्समध्ये लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जादा गुणसूत्र प्रसिद्ध केले. आपल्या शोधाचा उपयोग उपचाराऐवजी असे गर्भ वेगळे काढण्यासाठी होतो, याची खंत लेज्यून यांना अखेरपर्यंत होती. आपल्या भाषेचा हिशेब मांडावा, तर तोही फार गौरवाचा नाही. आधी ‘वेडं’ म्हटले, मग ‘मतिमंद’, मग ‘गतिमंद’, आता ‘विशेष’. आणि फार गहिवर आला की ‘देवाघरचं फूल’. पहिल्या शब्दाने मूल हाकलले जाते, शेवटच्याने देव्हाऱ्यात बसवले जाते. घरात, पाटावर, इतर भावंडांच्या पंगतीत बसवणारा शब्द मात्र मला अजून सापडलेला नाही.

मग मी आपल्या साहित्याकडे वळलो, कारण माणसाला शब्द हवे असले की त्याने तिकडेच जावे, असे मी मुलांना शिकवीत आलो. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ आठवले. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातले मंदबुद्धी मूल आणि त्याच्या पायी पिळवटून निघालेले आईबाप, हा त्याचा विषय. दळवी गहिवर काढीत नाहीत. मुलाचे वाढते अंग आणि न वाढणारी बुद्धी यांच्या कात्रीत सापडलेल्या बापाची चीड, शरम, प्रेम सगळे ते उघड्यावर मांडतात. त्या बापाची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. आणि त्याच प्रभावळकरांनी १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटात लहानपणीच्या अपघाताने बुद्धी खुंटलेला नंदू उभा केला. एकाच नटाने या दुःखाच्या दोन्ही बाजू जगून दाखवाव्यात, हा मराठी रंगभूमीचा मोठाच योग. पुढे २०१४ साली महेश लिमये यांचा ‘यलो’ आला. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची ती कथा, आणि तिच्या भूमिकेत ती स्वतः. दुसऱ्या कोणी तिची नक्कल करायची गरज उरली नाही, हे त्या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश, असे मी मानतो.

या तिन्ही कृतींविषयी मला आदर आहे. तथापि शेजारच्या सुनेला त्यांतली कोणती द्यावी, असा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तिन्ही गोष्टी मूल घरात आल्यानंतर सुरू होतात. तेथे प्रश्न असतो तो ‘हे आता सोसायचे कसे?’ असा. तिच्यापुढचा प्रश्न निराळा होता : ‘हे येऊ द्यायचे की नाही?’ सोनोग्राफीची ती अंधारी खोली, तो पट्टीने मोजलेला मिलिमीटर, तो अहवाल, आणि निर्णयासाठी हातात असलेले दोनचार आठवडे यांवरची मराठी कथा मला आठवेना. जगातही याविषयी मौनच अधिक. आर्थर मिलरसारख्या थोर नाटककाराने आपला डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा संस्थेत ठेवला, आणि १९८७ सालच्या जाडजूड आत्मचरित्रात त्याचा उल्लेखही केला नाही. उलट जनरल द गॉल यांनी युद्धाच्या धामधुमीतही आपली आन घरीच वाढवली. पण त्यांचे दोघांचे निर्णय जन्मानंतरचे. जन्माआधीचा प्रश्न मला नेमका भेटला तो २०१८ च्या एका स्पॅनिश चित्रपटात. त्यावरूनच २०२५ साली हिंदीत ‘सितारे जमीन पर’ निघाला. त्या स्पॅनिश चित्रपटात मूल होऊ देण्याला भ्यालेल्या प्रशिक्षकाला त्याच्या संघातला एक बौद्धिकदृष्ट्या अपंग खेळाडू सांगतो की, आमच्यासारखे मूल व्हावे असे मलाही वाटणार नाही. पण तुझ्यासारखा बाप मिळावा असे मात्र वाटेल. मला हे वाक्य मोठे वाटते, कारण ते कोणालाही गुन्हेगार ठरवीत नाही आणि तरी कोणालाही सोडून देत नाही.

ललित वाङ्मयाने हात टेकले, तेव्हा मी कायदा वाचला. १९७० च्या दशकात गर्भजल काढण्याची सुई आपल्याकडे आली ती असले दोष शोधायला. आणि तिचा उपयोग मुली शोधायला झाला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ साली झाला. त्या कायद्याच्या पाचव्या कलमात मला एक वाक्य सापडले. असली परीक्षा करण्यापूर्वी स्त्रीला सर्व परिणाम समजावून द्यावेत आणि तिची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी, असा त्याचा आशय. कायद्यात वाङ्मयाची कसोटी लपलेली असावी, याचे मला नवल वाटले. तिला समजेल अशी भाषा! ही कसोटी आपली किती पुस्तके उतरतील?

पण त्याच कायद्याचा गर्भजल परीक्षेचा संमतीपत्राचा नमुना वाचा. दोष नाही असे आढळल्यास मी गर्भपात करणार नाही, अशी हमी स्त्रीने त्यात द्यायची असते. मुलींना वाचवण्यासाठी हे वाक्य घातले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याची उलट बाजू न लिहिताच वाचली जाते : दोष आढळला, तर काय करायचे ते जणू ठरलेलेच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी महाराष्ट्रातील सदतीस वर्षांची एक स्त्री याच प्रश्नाने सर्वोच्च न्यायालयापुढे उभी होती. सव्विसाव्या आठवड्यातल्या गर्भाला डाऊन सिंड्रोम असल्याचे तिला कळले होते. तेव्हाच्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. आईच्या जिवाला धोका नाही, म्हणून न्यायमूर्ती शरद बोबडे व न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी परवानगी नाकारली. ही मुले बुद्धीने कमी असली तरी चांगली माणसे असतात, अशा आशयाचे उद्गारही न्यायालयाने काढले. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने, गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आठवड्यांची मर्यादाच राहिली नाही. कायदा म्हणजे दार. ते कधी लावले गेले, कधी उघडले गेले. परंतु दारातून जावे की न जावे, याविषयी उंबरठ्यावर उभी असलेली बाई कोणाशी बोलणार, हे दाराला सांगता येत नाही.

शेजारच्या घरात त्या आठवड्यात काय बोलणे झाले, ते भिंतीपलीकडून थोडे ऐकू आले नि थोडे मला येऊन सांगितले गेले. सासू म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं काही नाही.” माहेरची मंडळीही नेमके हेच म्हणाली. (वस्तुतः यांतील शंभरांत पंच्याण्णव वेळा हा प्रकार बीजपेशी विभागताना अकस्मात घडतो; कोणतेही घराणे त्याचे धनी नसते. हे मी दोन्हीकडे सांगितले, तेव्हा दोन्हीकडे थोडी निराशाच झाली.) नवरा एवढेच म्हणत राहिला, “काका, आमच्या पश्चात त्याचं कोण?” या प्रश्नाला मी हसणार नाही आणि उपदेशही करणार नाही, ज्याला त्याचे उत्तर येते असा समाज आपण अजून उभारलेला नाही. आणि ती स्वतः? तिने एका दुपारी आमच्या सौभाग्यवतींना सांगितले, “काकू, ही तपासणी करायची का, हे मला कुणी विचारलंच नाही. यादीत होती, म्हणून केली.”

पुढची रक्ततपासणी झाली. दहा दिवसांनी अहवाल आला. शक्यता अगदी नगण्य. त्या संध्याकाळी तिचे सासरे पेढ्यांचा पुडा घेऊन चाळभर फिरले. माझ्याकडे आले, मीही आनंदाने पेढा घेतला. मग ते समोर गेले. भाऊ दारातच बसले होते. पेढा हातात घेऊन त्यांनी सहज विचारले, “कशाचे हो तात्या?”

तात्या थांबले. मी दारात उभा राहून ऐकत होतो, आणि जन्मभर भाषा शिकवलेल्या मलाही त्यांना एखादे वाक्य पुरवता आले नाही. शेवटी तात्या म्हणाले, “असेच. गोड खावंसं वाटलं.”

रात्री मी भाऊंकडे जाऊन बसलो. त्यांना सर्व कळलेच होते. चाळीत कोणाला काय कळत नाही? मी म्हटले, “भाऊ, वाईट वाटून घेऊ नका.”

भाऊ हसले. “मास्तर, वाईट कशाचं? आमची पोर झाली तेव्हा मुलगा की मुलगी हे आम्ही नंतर विचारलं. आधी विचारलं, हिला दिसतं का. दिसतं म्हणाले, तेव्हा ही रडली. आम्हीसुद्धा पेढे वाटले. पण नर्सबाईंनी विचारलं ना, कशाचे, तर मी सांगितलं. पोरीला डोळे आहेत, त्याचे.” मग थोडे थांबून म्हणाले, “तात्यांनी पण सांगायचं होतं. मी तोंड गोडच केलं असतं.”

मी माझे परीक्षण येथे पुरे करतो. त्या कागदाच्या कर्त्यांना मला एवढेच सुचवायचे आहे : ‘धोका’ काढून ‘शक्यता’ लिहा, आकड्याच्या दोन्ही बाजू लिहा, एक आणि एकशेएकोणनव्वद, ते मूल कसे असते आणि त्याला काय काय लागते, हे चार ओळींत लिहा, जमल्यास असे मूल वाढवलेल्या आईबापांना भेटण्याची वाट दाखवा, आणि हे सारे मराठीत लिहा. तपासणी करायची की नाही, हे आधी तिला विचारा. त्यानंतर ती जे ठरवील ते तिचे. मूल येऊ देणारीला देवी म्हणू नये आणि न येऊ देणारीला पापिणी म्हणू नये. दोघींनाही आपण आजवर एकटेच सोडले आहे.

आणि लेखक मंडळींना एक विनंती. पुढच्या दिवाळीला कोणीतरी ती कथा लिहा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावरची. तात्यांना त्या संध्याकाळी भाऊंच्या दारात जे वाक्य सापडले नाही, ते तीत असले पाहिजे. मी ती कथा वांगणीत आधी भाऊंना वाचून दाखवीन. ते ऐकून भाऊंनी पेढा मागितला, तर मग तिच्यावर परीक्षण लिहिण्याची गरजच राहणार नाही.